पाचवीचा खल

मी एक जुना खल आहे. काळ्या दगडाचा, पोटाने रुंद आणि तोंडाने किंचित वाकडा. वाकडेपणा जन्माचा नाही, तो कसा आला ते पुढे सांगेनच. मित्रांनो, दगडाला तोंड असून बोलता येत नाही, याचं मला आयुष्यभर काहीच वाटलं नव्हतं. बोलणाऱ्यांनी तरी बोलून असे कोणते दिवे लावले होते? पण एके दिवशी दुपारी मला वाटलं, आपण फुटून जावं, तुकडे तुकडे व्हावेत, पण त्या फुटण्याचा आवाज व्हावा. त्या दिवसाची ही गोष्ट आहे.

माझा दगड पेठकडच्या डोंगरातला. बारकू नावाच्या पाथरवटाने मला तीन दिवसांत घडवलं आणि गोदेच्या काठी बुधवारच्या बाजारात इतर खल-पाट्यांच्या रांगेत मांडलं. दुपारी एक ठेंगणी बाई आली. तिने बोट ओलं करून माझ्या पोटात गोल फिरवलं आणि ते उन्हाकडे धरून पाहिलं. ती सगुणाबाई, पंचवटीतली सुईण.

"कण सोडतो का रे हा?" तिने विचारलं.

"कण नाय सोडणार मावशी," बारकू म्हणाला, "पर पाणी पितो जरासं. खोटं कशाला बोलू?"

"पिऊ दे की. मीबी चहा पिते दिवसातून चारदा," असं म्हणून तिने मला पदराखाली घेतलं.

बारकूचं ते वाक्य ध्यानात ठेवा. मी पितो. दगड टणक दिसतो, पण त्याच्या अंगाला बारीक छिद्रं असतात, आणि त्यात गेलेलं सहजी बाहेर येत नाही.

सगुणाबाईच्या हाती मी सुखात होतो. मूल जन्मल्यावर पाचव्या दिवशी पाचवी पुजतात. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, कारण त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहिते म्हणे. बाकीच्या घरी त्या दिवशी पाटा-वरवंटा पुजतात. आमच्या आळीत मात्र मला पुजायचे. माझ्यात वेखंड, हळकुंड, जायफळ उगाळायचं, त्यात आईच्या दुधाचे चार थेंब घालायचे आणि ते चाटण बाळाच्या जिभेला बोटाच्या टोकाने लावायचं. आईच्या दुधानंतरची पहिली चव माझ्याकडून! नव्वदपर्यंत मी पोरं मोजली, मग नाद सोडला. आळीतलं कुठलंही पोर खणखणीत आवाजात रडलं, की बाया म्हणायच्या, "खलातलं चाटलंय ते, रडणारच." मी मनातल्या मनात फुगायचो. दगडाला फुगता येत नाही, पण मी फुगायचो.

पुढे सगुणाबाई गेली. मिक्सर आला. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका, आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबरच होतं. मी पिठाच्या डब्यावरचं वजन झालो, मग गॅलरीच्या दाराला टेकण झालो. सगुणाबाईच्या नातीने, हर्षालीने, आठ वर्षांची असताना भातुकलीसाठी मला उचललं आणि पायरीवरून खाली सोडलं. तेव्हापासून माझं तोंड वाकडं आहे आणि पोटात केसाएवढी एक चीर आहे. ती चीर कोणाला दिसत नाही. मला माहीत आहे.

मला दारामागून उचललं ते हर्षालीच्या मोठ्या भावाने, योगेशने. योगेश अंबडला एका कारखान्यात कामाला आहे. सुट्टीच्या दिवशी मात्र तो जुन्या पद्धतीने फोटो छापतो. मोरीशेजारची अडगळीची खोली त्याने काळे पडदे लावून अंधारी केली आहे. ती पद्धत मी इतक्यांदा पाहिली, की आता तुम्हालाही सांगू शकतो. तिळाच्या तेलाचा दिवा लावून त्यावर ताट धरायचं आणि काजळी जमवायची. ती माझ्यात तासभर घोटायची, खडाही राहता कामा नये. मग जिलेटिन आणि साखरेच्या कोमट पाकात कालवून कागदावर ओतायची. झाला काळा, चकचकीत कागद. पण हा कागद आंधळा असतो. त्याला उजेड कळावा म्हणून एका नारिंगी मिठाच्या पाण्यात बुडवतात. त्या मिठाचं नाव डायक्रोमेट. मग अंधारात वाळवून, वर फोटोची उलटी फिल्म, म्हणजे निगेटिव्ह, ठेवून कागद उन्हात धरायचा. जिथे ऊन लागतं तिथला थर घट्ट होतो. जिथे लागत नाही तिथला गरम पाण्यात विरघळून वाहून जातो. उरते ती फक्त काजळी, आणि त्या काजळीत माणसाचा चेहरा.

ते नारिंगी मीठ दिसायला केशरासारखं, पण जहर. योगेश हातमोजे घातल्याशिवाय त्याला शिवत नसे. त्याचे खडे कुटायला त्याने काचेचा वेगळा खल आणला होता, आणि त्या खलावर, बाटलीवर, ट्रेवर, सगळीकडे लाल अक्षरांत चिठ्ठ्या डकवल्या होत्या, "विष". एकदा त्या पाण्याचे थेंब त्याच्या शर्टाच्या बाहीवर उडाले. शर्ट उन्हात वाळला आणि डाग करपल्यासारखे तपकिरी झाले, ते काही केल्या जाईनात. त्याच्या आईने, कुसाबाईने, त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं होतं.

माझ्यावरही एक चिठ्ठी लावायला तो आला होता. कुसाबाई आडवी आली.

"सासूबाईंचा खल हे तो. पाचवीला पुजायची वस्तू, तिच्यावर असलं अभद्र लिहायचं नाय."

"अगं आई, यात फक्त काजळी घोटतो मी. पण सवय म्हणून..."

"काजळी तर आम्ही पोरांच्या डोळ्यात घालतो. राहू दे तसाच. घरात पाचवी आली की घासून घेईन मी."

योगेशने मान डोलावली. काजळीने कोणाचं काय बिघडणार होतं? दोघांचंही बरोबर होतं, मित्रांनो. घरातले मोठे घोटाळे असेच होतात, दोघांचंही बरोबर असताना.

मागच्या पौषात हर्षाली पिंपळगाव बसवंतहून बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. योगेशच्या डोक्यात एक गोष्ट बसली: पाचवीच्या पाटाजवळ आजीचा, सगुणाबाईचा, काजळीतला फोटो ठेवायचा. जिने आळीतली सारी पोरं या जगात आणली, तिने घरातल्या या पोरीची पाचवी बघायला नको का? तिचा एकच बारकासा फोटो होता, त्याची त्याने मोठी फिल्म करून घेतली. पहिल्या कागदाचा थर पाण्यात सुटून आला. दुसऱ्याला बुडबुडे आले. तिसऱ्यासाठी त्याच्याकडे एकच संध्याकाळ उरली, चौथ्या दिवसाची.

त्या संध्याकाळी तो घाईत होता. डायक्रोमेटच्या बरणीत ओल गेल्याने खड्यांचे गठ्ठे झाले होते. त्याने काचेचा खल उचलला आणि तो त्याच्या मोज्यातून निसटला. फरशीवर काचाच काचा. त्याने काचा झाडूने कोपऱ्यात सारल्या. मग त्याची नजर माझ्याकडे वळली.

"एकदाच," तो पुटपुटला.

मित्रांनो, "एकदाच" म्हणणारा माणूस वाईट नसतो. पण वाईट गोष्टींना आत यायला तेवढीच फट पुरते. ते नारिंगी खडे माझ्यात पडले, बत्ता फिरला आणि काम झालं. मग योगेशने मला तीनदा गरम पाण्याने धुतलं, पुसून फळीवर पालथं ठेवलं. वरून मी स्वच्छ दिसत होतो. पण चिरेत एक कण अडकला होता आणि माझ्या अंगाने ते पाणी प्यायलं होतं. आईला सांगायचं, असं तो दोनदा मोठ्याने म्हणाला. मग कागद वाळत टाकला, दार ओढून घेतलं आणि बाहेर गेला. बाहेर भाची रडत होती, पाहुण्यांचे फोन येत होते. सांगायचं राहून गेलं. सकाळी सहाला, आई बाळाला न्हाऊ घालत असताना, तो पहिल्या पाळीला निघून गेला.

नऊ वाजता कुसाबाई माझ्याकडे आली.

तिचे हात माझ्याभोवती पडले आणि माझ्या जिवाचं पाणी झालं. ती मला मोरीत घेऊन गेली, राखेने घासलं, तांब्या-तांब्याने धुतलं. मला वाटत होतं, आणखी घास, बाई, दिवसभर घास, मला खरवडून काढ. भाताची पेज गाळायचा जुना मऊ फडका घेऊन तिने माझं पोट दाबून पुसलं. फडक्यावर पिवळा-केशरी डाग उमटला.

ती थबकली. मला वाटलं, सुटलो.

पण तिचे डोळे भरून आले. "हर्षे, इकडं बघ गं! सासूबाईंची हळद अजून हे यात. इतक्या वर्सांची!" तिने फडका डोळ्यांना लावला आणि गॅलरीतल्या दोरीवर दुहेरी घडी करून वाळत घातला. मला देवाजवळ पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवलं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. ती मला हात जोडत होती आणि माझ्या पोटात जहर होतं.

दुपार झाली. आळीतल्या बाया येऊन बाळाला पाहून गेल्या. भाजीबाजाराकडून रिक्षांचे भोंगे ऐकू येत होते. मी एकच गोष्ट मोजत होतो, ऊन गॅलरीतून किती सरकलं. ऊन असतानाच चाटण द्यायचं आणि दिवेलागणीला पूजा करायची, असा या घरचा रिवाज. योगेशची पाळी साडेतीनला सुटते. तो वेळेवर आला तर?

आणि तो आला की! सव्वाचारला जिन्यात त्याचे पाय वाजले. तो घरात शिरला, घाम पुसत, बूटसुद्धा न काढता.

"दादा, पाणी तरी पी," हर्षाली म्हणाली.

"ऊन जाईल गं, ऊन! आजी छापून येऊ दे आधी."

तो माझ्यापासून चार हातांवरून गेला. माझ्यावर तेव्हा फुलं होती, पुढे हर्षाली बाळाला घेऊन बसली होती. अंधाऱ्या खोलीत त्याने मिणमिणत्या पिवळ्या दिव्यात कागद आणि फिल्म चौकटीत कसली. फळीकडे त्याने पाहिलं नाही. तीच चौकट छातीशी धरून तो पुन्हा माझ्यासमोरून गेला आणि गच्चीच्या पायऱ्या चढला. वरून त्याची शीळ ऐकू येऊ लागली. आनंदात होता बिचारा.

"चला, घेऊ उरकून," कुसाबाई म्हणाली.

हर्षाली जरा कचरली. "आई, डॉक्टर म्हणाले होते, वरचं काही द्यायचं नाही."

"अगं, रीत म्हणून. बोटाच्या टोकाला लागेल तेवढंच. तूबी यातलंच चाटलेली हेस, झालं का तुला काय?"

हर्षालीने बाळाला मांडीवर नीट घेतलं. कुसाबाईने फुलं बाजूला सारून माझ्यात वेखंड उगाळलं. जायफळाचे चार वेढे दिले. हळकुंड फिरवलं. हळदीचा पिवळा रंग पसरला आणि त्यात चिरेतून सुटलेला तो दुसरा रंग बेमालूम मिसळला. हर्षालीने चमच्यातून दूध घातलं. माझं चाटण तयार झालं. नव्वदाहून जास्त वेळा मी हा क्षण अभिमानाने पाहिला होता. आज माझी चीर तडकून मी दुभंगावं म्हणून मी जीव एकवटला. काही झालं नाही. बारकूने काम चोख केलं होतं.

कुसाबाईने करंगळी माझ्यात बुडवली. बाळ हर्षालीच्या मांडीवर होतं, डोळे मिटलेले, ओठ काहीतरी शोधत हलणारे. करंगळी खाली आली. वीतभर अंतर राहिलं, मग चार बोटं.

तेवढ्यात पोरीने उचकी दिली आणि भळकन दूध बाहेर टाकलं.

"अगं बाई! थांब, आधी पुसून घेऊ. हर्षे, तो दोरीवरचा फडका दे."

हर्षालीने बसल्या बसल्या हात लांब करून गॅलरीतला फडका ओढला. तो देता देता ती म्हणाली, "आई, हा करपलाय का गं? सकाळी तर पिवळा होता."

कुसाबाईची करंगळी हवेतच राहिली. दुसऱ्या हाताने तिने फडका उलगडला. घडीच्या आत, जिथे ऊन पोचलं नव्हतं, तिथे डाग अजून केशरी होता. वर, जिथे दिवसभर ऊन लागलं होतं, तिथे तो गडद तपकिरी झाला होता.

मला फक्त वरची शीळ ऐकू येत होती.

"हळद उन्हात उडती," कुसाबाई सावकाश म्हणाली, जणू स्वतःलाच सांगत होती. "हळदीचा डाग उन्हात टाकला की पांढरा होतो. हा काळा कसा पडला?" आणि मग तिला ती शर्टाची बाही आठवली. तिचा चेहरा राखेसारखा झाला. तिने तो हात लांब, अगदी लांब धरला आणि ओरडली, "योग्या!"

शीळ तुटली. योगेश तीन-तीन पायऱ्या उतरत आला. त्याने आईचं पिवळं बोट पाहिलं, बाळ पाहिलं आणि फुलांच्या आड मला पाहिलं. तो वाकून बाळाचे ओठ बघू लागला.

"तोंडात गेलं का? आई, तोंडात गेलं का?"

"नाय."

"ओठाला? जिभेला?"

"नाय म्हणते ना! आधी सांग, काय कुटलंस तू यात?"

"एकदाच आई... काचेचा फुटला... मी धुतला होता गं, तीनदा धुतला होता..." हर्षाली बाळाला छातीशी घट्ट धरून हमसून हमसून रडू लागली. बाळ मात्र जांभई देत होतं.

त्यानंतर कुसाबाईचा हात साबणाने कितीतरी वेळ नळाखाली होता. योगेशने मोजे घालून माझ्यातलं चाटण, तो फडका, बत्ता, सगळं एका बरणीत बंद केलं. बाळाला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पोरगी ठणठणीत आहे, आणि मग तिघांनाही बरंच काही ऐकवलं. ते ऐकून घेण्याजोगंच होतं.

दिवे लागले तेव्हा सगळे घरी परतले होते. मी कोपऱ्यात वर्तमानपत्रावर होतो. योगेश माझ्याकडे पाहत म्हणाला, "हा नकोच घरात. नदीत नेऊन टाकतो."

"नदीत?" हर्षाली म्हणाली. "दादा, लोक त्या पाण्यात आंघोळ करतात."

तेव्हा कुसाबाई उठली. तिने पाटावरचा कोरा कागद घेतला आणि पेन घेतलं.

"आई, तो सटवाईचा कागद आहे!"

"ती घेईल दुसरा," कुसाबाई म्हणाली. ती चौथीपर्यंत शिकलेली. कागद गुडघ्यावर धरून, पेन आवळून, तिने दोन अक्षरं काढली. एकेक अक्षराला वेळ लागला. "पोरीच्या कपाळी काय लिहायचं ते तिनं लिहावं. हे माझ्या वाट्याचं लिहिणं व्हतं. पोरगा लिहीत होता तेव्हा मीच हात धरला त्याचा." मग तिने पाटावरचा हळदीचा दोरा घेतला आणि तो कागद माझ्या वाकड्या तोंडाभोवती बांधला. त्यावर लिहिलं होतं, "विष".

योगेश तिच्या पायाशी बसून रडला. "आई, मी सांगणार होतो."

"तू सांगणार होतास आन मी ऐकणार नव्हते. दोघंबी सारखेच," असं म्हणून तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, साबणाचा वास येणाऱ्या, लाल झालेल्या बोटांचा.

गच्चीवरची चौकट त्या गोंधळात ऊन उतरेपर्यंत तशीच राहिली होती. कागदाला हवं त्याच्या कितीतरी पट ऊन लागलं. दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात त्याची काजळी जवळजवळ सुटलीच नाही. काळाभोर कागद, आणि त्यात सगुणाबाईचे पांढरे केस व एका डोळ्याची चमक तेवढी उमटली. योगेश तो टाकून देणार होता. कुसाबाईने टाकू दिला नाही. तो आता माझ्या फळीसमोर लावला आहे. सगुणाबाई एका डोळ्याने माझ्यावर लक्ष ठेवून असते आणि ते मला आवडतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी म्हणतो, जपा जरूर, पण आमच्यावर आंधळा विश्वास टाकू नका. आम्ही काय प्यायलो ते आम्हाला सांगता येत नाही. ज्या भांड्यात एकदा औषधं, रंग, रसायनं गेली, ते पुन्हा चुलीजवळ नेऊ नका, कितीही धुतलं तरी. त्यावर लिहा. लिहायला शुभदिवस पाहू नका. आणि हातून चूक झाली, तर दार ओढून घेण्याआधी सांगून टाका.

कागदाची चिठ्ठी फाटेल म्हणून कुसाबाईने नंतर तीच दोन अक्षरं स्वतःच्या हाताने लाल रंगात माझ्या अंगावर काढली. आता मी नारिंगी मिठाचाच खल आहे, कुलूप लावलेल्या काचेच्या कपाटातला. पाचवीला मला कोणी बोलावत नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

हर्षालीची पोरगी अधूनमधून पिंपळगावहून येते. मामाच्या कडेवर बसून काचेच्या दारातून माझ्याकडे टकमक बघते. आळीतल्या इतक्या पोरांना मी पहिली चव दिली, हिला दिली नाही. पण ती अक्षरं ओळखू लागेल तेव्हा मामा तिला पहिल्यांदा माझ्यापुढेच उभी करणार आहे, आणि तिच्या आजीच्या हातची ती दोन अक्षरं तिच्याकडून मोठ्याने वाचून घेणार आहे.